सुपरहिरो चित्रपट कशाला म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरो चित्रपटांची यादी कोणीही केली तरी भांडण ठरलेलं. हा का घेतला, तो का वगळला, याचा का पत्ताच नाही? माझ्या यादीबाबतही तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सगळं क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. दोन प्रश्न एकमेकांत घुसतात तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. काही चित्रपटांच्या कथेतली गुपितं उघड केली आहेत, तेव्हा जपून वाचा.

१. सोप्या शब्दांत सांगा, सुपरहिरो चित्रपट म्हणजे नेमका कुठला?

नायकाकडे इतरांकडे नसलेली ताकद आहे, ती तो स्वतःच्या फायद्याऐवजी लोकांसाठी वापरतो आणि हे काम करताना वेगळ्या नावाने, बहुधा वेगळ्या वेशात वावरतो. ताकद, काम आणि दुसरी ओळख अशा या तीन खुणा. अमेरिकन अभ्यासक पीटर कूगन यांनी २००६ सालच्या पुस्तकात सुपरहिरोची व्याख्या याच तीन गोष्टींवर उभी केली आणि पुढची बरीचशी चर्चा तिथूनच सुरू होते.

पण नुसत्या खुणा मोजून भागत नाही. दोनच खुणा असलेला चित्रपट हक्काने यादीत येतो आणि तिन्ही असलेलं पात्र बाहेर राहतं, असं सर्रास होतं. म्हणून मी आणखी एक कसोटी लावतो. 'ही ताकद माझ्या हाती आली, आता हिचं करायचं काय? आणि ती माझी आहे हे कोणाला कळू द्यायचं?' हा प्रश्न कथेच्या मध्यभागी असेल तर तो सुपरहिरो चित्रपट. ताकद नुसती मारामारीची सोय म्हणून आली असेल, तर नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच कसोटीवर घासली आहेत.

२. बॅटमॅनकडे तर कुठलीच दैवी शक्ती नाही. मग तो सुपरहिरो कसा?

बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ साली त्याला घडवलं तेव्हापासून त्याच्याकडे पैसा, तालीम, डोकं आणि जिद्द एवढंच भांडवल आहे. पण उरलेल्या दोन खुणा त्याच्यात इतक्या ठळक आहेत की पहिलीची उणीव भरून निघते. आईवडिलांचा खून पाहिलेला मुलगा मोठेपणी वटवाघळाचं रूप घेतो आणि दिवसा उडाणटप्पू श्रीमंताचं सोंग वठवतो, इतकी टोकाची दुहेरी ओळख क्वचितच कोणाची असेल.

शिवाय ताकद अंगातच असली पाहिजे असं कुठे आहे? २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये जोकरला शोधण्यासाठी शहरातले सगळे फोन हेरणारं यंत्र बॅटमॅन उभं करतो. त्याचाच विश्वासू लुशियस फॉक्स सांगतो की हे यंत्र कंपनीत असेपर्यंत मी इथे काम करणार नाही. हाती आलेल्या ताकदीचं काय करायचं हा प्रश्न याहून स्वच्छ मांडता येणार नाही. त्याच वर्षी आलेल्या 'आयर्न मॅन'मध्येही ताकद म्हणजे कारखान्यात घडवलेलं चिलखतच आहे.

३. मुखवटा नाही, झगा नाही, तरी चालेल का?

चालेल. वेश हे दुसऱ्या ओळखीचं सर्वांत सोपं चिन्ह आहे, एवढंच. २००० सालचा 'अनब्रेकेबल' घ्या. स्टेडियमवर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा डेव्हिड डन रेल्वेच्या भीषण अपघातातून ओरखडाही न उठता वाचतो. जरासा धक्का लागला तरी हाडं मोडणारा, कॉमिक्सच्या नादातला एलायजा त्याच्या मागे लागतो की तू साधा माणूस नाहीस. डनचा वेश कुठला, तर नोकरीवरचा टोपीवाला रेनकोट. जाहिराती पाहून लोक थरारपट बघायला गेले आणि आपण सुपरहिरो चित्रपट पाहतोय हे त्यांना आत बसल्यावर उमगलं. पहिल्या प्रश्नातली कसोटी इतकी नेमकी उतरलेला दुसरा चित्रपट मला तरी सांगता येत नाही.

वेश अजिबातच नसण्याचं देशी उदाहरण प्रश्न ७ मध्ये आहे.

४. मार्वल किंवा डीसी या अमेरिकन कंपन्यांच्या कॉमिक्सवरून आला म्हणजे सुपरहिरो चित्रपट, एवढं सरळ नाही का?

नाही, आणि दोन्ही बाजूंनी नाही.

'मेन इन ब्लॅक' (१९९७) ज्या कॉमिक्सवरून आला ते एअरसेल या छोट्या प्रकाशनाचं. ती कंपनी मॅलिबूने घेतली आणि मॅलिबूला १९९४ मध्ये मार्वलने. म्हणजे कागदोपत्री मार्वलचा वारसा आहे, पण चित्रपट परग्रहवासीयांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा विनोदी विज्ञानपट आहे. 'रोड टू पर्डिशन' (२००२) आणि 'अ हिस्ट्री ऑफ व्हायोलन्स' (२००५) या दोघांची मूळ चित्रकादंबरी डीसीच्याच पॅराडॉक्स प्रेस या शाखेने छापली होती. चित्रपट मात्र निव्वळ गुन्हेगारी जगाचे. कॉमिक्स हे माध्यम आहे आणि त्यात काहीही सांगता येतं.

उलट बाजूला 'द इन्क्रेडिबल्स' (२००४), 'हॅनकॉक' (२००८), 'क्रॉनिकल' (२०१२) यांच्यामागे कुठलंच कॉमिक्स नाही. 'क्रिश', 'मिन्नल मुरली' यांच्याही मागे नाही. ते सगळे यादीत आहेत.

५. जगातला पहिला सुपरहिरो चित्रपट कोणता?

कशाला चित्रपट म्हणता यावर उत्तर बदलतं. सुपरमॅन छापील पानावर आला तो जून १९३८ अशी तारीख असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर. पण पडद्यावर त्याच्याआधी नंबर लावला प्रतिस्पर्ध्याने. रिपब्लिक पिक्चर्सची 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्वल' ही बारा भागांची चित्रमालिका १९४१ साली थिएटरांत लागली. दर आठवड्याला एक भाग, आणि शेवटी नायक मरणार की काय अशा जागी पडदा. त्याच वर्षी फ्लायशर स्टुडिओने सुपरमॅनचे रंगीत कार्टूनपट काढायला सुरुवात केली.

एका बैठकीत संपणारा चित्रपट हवा असेल तर १९५१ चा 'सुपरमॅन अँड द मोल मेन' घ्यावा लागेल. तो जेमतेम तासाभराचा आहे आणि त्यानंतर लगेच टीव्ही मालिका आली. आज आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, म्हणजे मोठं बजेट, मोठे नट आणि गंभीर हाताळणी, ते सुरू झालं १९७८ च्या रिचर्ड डॉनर यांच्या 'सुपरमॅन'पासून. त्यात बापाच्या छोट्या भूमिकेला मार्लन ब्रँडो होते.

६. झोरो आणि वेताळ तर सुपरमॅनच्याही आधीचे. मग पहिलेपणाचा मान त्यांना का नाही?

प्रश्न रास्त आहे आणि विचारणारे बहुतेक इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेले असतात. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या त्या अंकांतून मराठी घरांत आलेला वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. तो वर्तमानपत्रांच्या पट्टीत १९३६ साली अवतरला. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कवटीची अंगठी, पिढीजात शपथ, सगळा सरंजाम सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी तयार होता. झोरो त्याहून जुना. जॉन्स्टन मॅककली यांची कथा १९१९ ची आणि डग्लस फेअरबँक्स यांचा चित्रपट १९२० चा. दिवसा बावळट उमराव आणि रात्री तलवारबहाद्दर ही दुहेरी ओळख बॅटमॅनने तिथूनच उचलली आहे.

यांना मी सुपरहिरोंचे पूर्वज म्हणतो. काम आहे, दुसरी ओळख आहे, ताकद मात्र माणसाच्या आवाक्यातली आहे. मग बॅटमॅनला सूट आणि यांना नाही, हा दुजाभाव नाही का? थोडा आहे. पण बॅटमॅन सुपरमॅनच्या यशानंतर, त्याच कंपनीत, त्याच्यासारखं काहीतरी हवं म्हणून घडला आणि पुढे त्याच्याच शेजारी बसून वाढला. झोरोच्या भोवती तलवारबाजीच्या साहसपटांचं जग आहे आणि वेताळाच्या भोवती जंगलकथांचं. चित्रपटप्रकार ही कुळकथाही असते, नुसत्या गुणांची बेरीज नाही. तरी १९९६ चा 'द फँटम' कोणी सुपरहिरो चित्रपटांत घेतला तर मी भांडायला जाणार नाही.

७. 'मिस्टर इंडिया' सुपरहिरो चित्रपट आहे की मुलांचा कल्पनापट?

सुपरहिरो चित्रपट, आणि आपल्याकडचा सर्वांत नीट रचलेला. शेखर कपूर यांचा हा १९८७ चा चित्रपट सलीम-जावेद यांनी लिहिला. ताकद मनगटावरच्या यंत्रात आहे, शास्त्रज्ञ बापाने मागे ठेवलेली. तिला मर्यादाही घातली आहे: लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो. सुपरमॅनला क्रिप्टोनाइट तसा अरुण वर्माला लाल दिवा.

खरी गंमत दुसऱ्या ओळखीत आहे. पोशाखाचं काम काय, तर चेहरा लपवणं. इथे सगळा माणूसच लपतो, म्हणून पोशाख लागत नाही आणि उरतो तो फक्त आवाज आणि एक नाव. पत्रकार सीमा भाडं थकलेल्या, पोरांच्या गोतावळ्यात अडकलेल्या अरुणशी भांडते आणि न दिसणाऱ्या मिस्टर इंडियावर जीव टाकते. पत्रकार लोइस लेन, सुपरमॅनचं रोजचं सोंग क्लार्क केंट आणि खुद्द सुपरमॅन यांचा जुना त्रिकोण मुंबईच्या भाड्याच्या घरात इतका सहज बसवला आहे की उसनवारी जाणवतही नाही. मोगॅम्बोपुढे बाकी सगळं फिकं पडतं हा आरोप मात्र मान्य.

८. 'शहेनशाह'ला यादीत घेता का?

घेतो. टिनू आनंद यांच्या १९८८ च्या या चित्रपटात अमिताभ बच्चन दिवसा लाचखाऊ, भेकड इन्स्पेक्टरचं सोंग घेतात आणि रात्री काळा वेश, एका हाताला पोलादी जाळी. अलौकिक शक्ती नाही, पण बॅटमॅनचा नियम इथेही लागू होतो (प्रश्न २). दिवसाचं पात्र हे मुद्दाम रचलेलं सोंग आहे आणि कायद्याच्या आत राहून जे होत नाही ते बाहेर जाऊन करावं का, हा प्रश्न कथेला सतत टोचत राहतो. शेवटचा निवाडाही थेट न्यायालयातच होतो.

९. 'कोई... मिल गया' आणि 'क्रिश' एकाच मालिकेतले. मग एक यादीत आणि एक बाहेर, हे कसं?

कारण कथा बदलली. २००३ च्या पहिल्या चित्रपटात परग्रहावरून आलेला जादू रोहितला ताकद देतो, पण कथा मैत्रीची आणि एका उपेक्षित मुलाला स्वतःचं स्थान सापडण्याची आहे. तो विज्ञानपट. २००६ च्या 'क्रिश'मध्ये रोहितचा मुलगा कृष्णा जन्मतःच ती ताकद घेऊन येतो आणि आजी त्याला डोंगरात लपवून वाढवते, ताकद कोणाला दाखवायची नाही असं बजावते. सिंगापूरच्या सर्कशीत आग लागल्यावर दोन्ही गोष्टी कशा पाळायच्या, पोरं वाचवायची आणि शब्दही मोडायचा नाही? तिथे मुखवटा येतो. मुखवट्याला कथेतून कारण मिळालेलं असं क्वचित दिसतं, नाहीतर बहुतेक ठिकाणी तो नुसता शोभेचा असतो.

१०. रजनीकांत एका बुक्कीत दहा माणसं उडवतात, सिंघम विजेचा खांब उपटतो. हे सुपरहिरो नाहीत?

नाहीत, आणि कारण सोपं आहे: चित्रपटातल्या कोणालाच त्याचं नवल वाटत नाही. बाजीराव सिंघम खांब उपटतो तेव्हा एकही हवालदार विचारत नाही की साहेब, हे जमलं कसं? दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी नाही, डॉक्टर तपासायला नाहीत, सरकार घाबरलेलं नाही. ती ताकद पडद्यावरच्या नायकाचा मान आहे, कथेतली घटना नाही. हीच गोष्ट क्रिशने केली असती तर पुढचा अर्धा तास सगळे त्याचाच शोध घेत फिरले असते.

एकाच 'विश्वा'तले चित्रपट म्हणजे सुपरहिरो चित्रपट, हाही गैरसमज इथेच निस्तरतो. पोलिसांचं विश्व असतं, हेरांचं असतं, भुतांचंही असतं. एका चित्रपटातलं पात्र दुसऱ्यात डोकावलं की विश्व तयार होतं. २००८ पासून मार्वलने ती पद्धत रुळवली, पण ती या प्रकाराची खूण नाही.

११. हनुमान हा जगातला पहिला सुपरहिरो नव्हे का? आणि पौराणिक चित्रपट बाहेर ठेवता, तर थॉर कसा आत?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि कधी कधी रागावून येतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला. उडणारा, शेपटीने नगरी पेटवणारा हनुमान तेव्हापासून आपल्या पडद्यावर आहे. तरीही त्याला सुपरहिरो चित्रपट म्हणणं मला पटत नाही आणि त्यात हनुमानाची काही कमी करण्याचा हेतू नाही. पौराणिक चित्रपट बघायला येणाऱ्याला कथा ठाऊक असते, तो दर्शनाला आल्यासारखा येतो. हनुमानाने आपलं बळ कोणासाठी वापरायचं हे कथेत कधी टांगणीला लागत नाही. ते रामकार्यासाठीच आहे. जांबुवंत त्याला बळाची आठवण करून देतो तो क्षण आपल्या कसोटीच्या सर्वांत जवळ जातो, पण आठवण होताच शंका संपते आणि उड्डाण सुरू होतं.

थॉर नॉर्स पुराणातला देव, हे खरं. पण २०११ चा चित्रपट आला आहे १९६२ पासूनच्या मार्वलच्या थॉरवरून. त्या चित्रपटाची कथा काय? उर्मट राजपुत्राची ताकद बाप काढून घेतो, पृथ्वीवर हाकलतो आणि हातोड्यावर अट घालतो की जो लायक असेल त्यालाच तो उचलता येईल. ताकदीला लायक होणं हाच सगळा चित्रपट. पुराणातल्या पात्राला आधुनिक माणसाच्या शंकांत उतरवलं की तो सुपरहिरो होऊ शकतो. मल्याळम 'लोका: चॅप्टर १ चंद्रा'ने (२०२५) केरळच्या दंतकथेतल्या कळ्ळियंकाट्टु नीलीला आजच्या बंगळुरूत आणून हेच केलं. त्यात नायिका आहे हा आणखी एक आनंद.

१२. हॅरी पॉटर, 'स्टार वॉर्स'मधले जेडाय, 'मेट्रिक्स'मधला निओ?

तिघेही नाहीत. हॅरीच्या जगात जादू शाळेत शिकवतात, गणवेश घालून. सगळा वर्गच जादूगार असेल तर जादू ही वेगळेपणाची खूण उरत नाही. जेडायही एका पंथाचे सभासद आहेत. निओ सीमेवर उभा आहे, पहिल्या चित्रपटाच्या शेवटी तर चक्क उडतो. पण तिथला मुख्य प्रश्न 'हे जग खरं आहे का?' असा आहे, म्हणून विज्ञानपट.

१३. 'मिन्नल मुरली'त खलनायकालाही तीच शक्ती मिळते. मग एक सुपरहिरो आणि दुसरा नाही, हे कोणी ठरवलं?

त्या दोघांनीच. बेसिल जोसेफ यांचा हा २०२१ चा मल्याळम चित्रपट मी नवख्यांना सगळ्यात आधी सुचवतो, कारण प्रयोगशाळेत करावा तसा नेटका प्रयोग त्यात आहे. कुरुक्कनमूला नावाचं गाव, एकाच रात्री दोन माणसांवर वीज पडते. जेसन शिंपी आहे, अमेरिकेला पळण्याची स्वप्नं पाहणारा. शिबू हॉटेलात राबणारा, गावाने वेडा ठरवून लांब ठेवलेला. ताकद सारखी, गाव तेच, दुःखही जवळपास सारखंच.

जेसन आधी काय करतो? लुंगी नेसून, तोंडाला फडकं बांधून पोलिसांवर सूड उगवतो. म्हणजे ताकद आहे, वेश आहे, पण काम अजून नाही. सुपरहिरो कशाला म्हणतात हे त्याला सांगतो त्याचा छोटा भाचा, कॉमिक्स वाचणारा. शिबूला ताकद हवी असते फक्त उषासाठी, आणि त्याची आग गावाला लागते. गुरु सोमसुंदरम यांनी शिबू असा उभा केला आहे की त्याचा राग येत नाही, पोटात तुटतं. खलनायक म्हणून त्याला मोडीत काढणं जड जातं. पण ताकद एकाच माणसापुरती आणि गाव गेलं खड्ड्यात, असं ठरवल्यावर सुपरहिरोपण संपतं. कसोटीवर उतरतो तो अख्खा चित्रपट, दोन्ही पात्रांसकट.

१४. 'जोकर'ला का वगळलं? तो तर बॅटमॅनच्याच जगातला.

जगातला आहे, प्रकारातला नाही. २०१९ च्या चित्रपटात ब्रूस वेन लहान मुलगा आहे आणि बॅटमॅनचा पत्ता नाही. एकाकी, आजारी माणूस शहराच्या कोडगेपणात कसा मोडत जातो याचा तो मानसशास्त्रीय चित्रपट आहे. पात्राचं नाव वेगळं ठेवलं असतं तरी कथा फारशी बदलली नसती. व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्ण सिंह पुरस्कार त्याने मिळवला, ऑस्करची अकरा नामांकनं मिळवली, म्हणून काहींना तो सुपरहिरो चित्रपटांचा मान वाटतो. तो मान शोधायचाच असेल तर २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'कडे बघा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरो चित्रपट.

१५. 'लोगन' पाश्चात्त्य काउबॉयपटासारखा, 'ब्लेड' भयपटासारखा. दोन प्रकार एकत्र असतील तर कुठे टाकायचं?

दोन्हीकडे. भयपट, विनोदी, युद्धपट, कौटुंबिक अशा कुठल्याही साच्यात ही कथा ओतता येते. 'लोगन' (२०१७) मध्ये थकलेला, जखमा भरून न येणारा नायक ताकद संपत आल्यावर काय उरतं हे दाखवतो, म्हणजे आपला प्रश्न उलट टोकाकडून. 'ब्लेड' (१९९८) मध्ये अर्धा रक्तपिपासू रक्तपिपासूंची शिकार करतो. मार्वलच्या पात्रांवर चित्रपट चालतात हा विश्वास 'एक्स-मेन' (२०००) आणि 'स्पायडर-मॅन' (२००२) यांच्या आधी त्याने दिला आणि श्रेय फारसं मिळालं नाही.

१६. रोबोट चालतो का? 'रोबोकॉप', 'एंथिरन', 'रा.वन'?

'एंथिरन', म्हणजे हिंदीतला 'रोबोट' (२०१०), नाही. तो निर्माता आणि निर्मिती यांच्या बेबनावाची विज्ञानकथा आहे. 'रोबोकॉप' (१९८७) मधला मर्फी स्वतः काही निवडत नाही, कंपनी त्याला घडवते आणि कामाला जुंपते. शिवाय तो पोलीसच आहे, म्हणून तोही नाही. 'रा.वन' (२०११) मात्र हो. जी.वन व्हिडिओ गेममधून बाहेर आलेला असला तरी तो पोशाख, ती ताकद आणि एका घराची राखण, सगळी मांडणी सुपरहिरोचीच आहे. चांगला की वाईट हा वेगळा विषय.

१७. 'कांतारा'तला शिवा?

नाही. शेवटी त्याच्या अंगात जे येतं ते त्याचं नाही, दैवाचं, म्हणजे गावच्या राखणदार देवतेचं आहे. तो माध्यम आहे. ताकद कशी वापरायची हे ठरवायला तो तिथे उरतच नाही.

१८. मराठीत सुपरहिरो चित्रपट आहे का?

'बाजी' (२०१५) हे सरळ उत्तर. निखिल महाजन यांनी दिग्दर्शित केलेल्या, कोकणात घडणाऱ्या या चित्रपटात श्रेयस तळपदे मुखवटा घालून घोड्यावरून येतात. अलौकिक शक्ती नाही, त्यामुळे नातं बॅटमॅनपेक्षा झोरोशी जास्त (प्रश्न ६). तरी पडद्यावर मराठी मुखवटाधारी नायक उभा करण्याची हिंमत केली, याचं श्रेय द्यायलाच हवं.

बाकीचे दावेदार गमतीचे आहेत. महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज' (१९९०) मध्ये बाटलीतला गंगाराम संकटात धावून येतो, पण ताकद त्याची आणि नायक दुसरेच, म्हणजे अल्लाउद्दीनच्या दिव्याची कथा. मुखवटा, भीती वाटेल असं नाव आणि अड्डा हे सगळं त्यात आहे, फक्त ते खलनायकाकडे आहे. कवट्या महांकाळच्या तोडीचा नायक मराठीला अजून मिळायचा आहे. 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) मध्ये संजय नार्वेकर यांच्या पात्राला बायकांच्या मनातलं ऐकू येऊ लागतं. अस्सल महाशक्ती! पण दुसरं नाव नाही, वेश नाही, आणि चित्रपटाचा जीव भोवतालच्या बायका समजून घेण्यात आहे. तो विनोदी कल्पनापटच राहू द्यावा. 'फास्टर फेणे' (२०१७) साहसी शोधकथा आहे. बनेशच्या 'ट्टॉक्'ला महाशक्ती मानायची असेल तर माझी हरकत नाही, पण यादीत घेणार नाही.

१९. ताकद नसलेला साधा पोरगा पोशाख घालून रस्त्यावर उतरतो, असे चित्रपट? ती थट्टा समजायची का?

थट्टा असली तरी यादीत. 'किक-अ‍ॅस' (२०१०) आणि विक्रमादित्य मोटवाने यांचा 'भावेश जोशी सुपरहिरो' (२०१८) दोन्ही विचारतात की खऱ्या शहरात खरा माणूस असं करू लागला तर काय होईल. पहिल्याचं उत्तर रक्तबंबाळ विनोदी आहे. दुसऱ्याचं मुंबईतल्या पाणीचोरीत जाऊन अडकतं, आणि डोक्यावर कागदी पिशवी घालून सुरू झालेली पोरांची चळवळ महागात पडते. तो चालला नाही याची खंत आहे. वासन बाला यांच्या 'मर्द को दर्द नहीं होता'चा नायक सूर्या याला वेदनाच जाणवत नाहीत. हा खराखुरा, दुर्मीळ आजार आहे आणि तो त्यालाच महाशक्ती समजतो. अंगातलं पाणी कमी झालं की गडी संपला, म्हणून पाठीवर पाण्याची पिशवी. हाही आत.

२०. शक्तिमान राहिला!

राहिला नाही. ताकद, काम, गंगाधरचं बावळट सोंग, सगळं भरपूर आहे. पण तो १९९७ पासून दूरदर्शनवर आलेली मालिका, आणि ही यादी चित्रपटांची.

२१. हे सगळं ठरवण्याचा अधिकार कोणाला? सेन्सॉर बोर्ड की कंपन्या?

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर वयाचा गट असतो, प्रकार नसतो. कंपन्यांनी मात्र हक्क सांगून पाहिला. मार्वल आणि डीसी यांनी मिळून 'सुपर हिरो' हा शब्द व्यापारचिन्ह म्हणून अमेरिकेत नोंदवला होता. एका छोट्या प्रकाशकाने आव्हान दिल्यावर २०२४ मध्ये तिथल्या कार्यालयाने ती नोंदणी रद्द केली.

व्याख्येचा पहिला मोठा घोळ त्याहून फार जुना आणि तोही कोर्टातच झाला. १९३९ मध्ये एका प्रकाशनाने 'वंडर मॅन' बाजारात आणला आणि सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा ठोकला. १९४० च्या अपिलाच्या निकालात न्यायाधीशांनी साम्यं मोजली आहेत: दोघेही साध्या कपड्यांखाली ताकद लपवतात, वरचे कपडे उतरवले की आत अंगाला चिकटलेला कसरतपटूचा पोशाख, आणि दोघेही गांजलेल्यांचे कैवारी. खरा फरक एवढाच की एकाचा पोशाख निळा आणि दुसऱ्याचा लाल. नक्कल पकडायला बसलेल्या कोर्टाने जाता जाता ताकद, काम आणि दुसरी ओळख या तिन्ही खुणा लिहून ठेवल्या.

२२. तेलुगू 'हनु-मान'मधल्या मायकेलकडे तर तिन्ही खुणा आहेत. तो का नाही?

प्रश्न १ मध्ये ज्या पात्राचा उल्लेख केला तो हाच. प्रशांत वर्मा यांच्या २०२४ च्या या चित्रपटात मायकेलला लहानपणापासून एकच वेड, सुपरहिरो व्हायचं. कॉमिक्समधल्या नायकांना आईबाप नसतात, म्हणून तो स्वतःच्या आईबापांचा जीव घेतो. मोठेपणी पोशाख, यंत्रं, नाव, सगळं जमवतो. उलट अंजनाद्रीचा भुरटा चोर हनुमंतु याला काहीच व्हायचं नसतं आणि हनुमंताच्या रक्ताच्या थेंबातून झालेलं रत्न नेमकं त्याच्या हाती लागतं.

मायकेलचं काम लोकांसाठी नाही, स्वतः मिरवण्यासाठी आहे, म्हणून त्याची दुसरी खूण दिसायलाच खरी आहे. 'मिन्नल मुरली'तल्या शिबूशी त्याची तुलना करणारे बरेच भेटतात, मला ती पटत नाही. शिबूला सुपरहिरो व्हायची हौस कधीच नव्हती, त्याला उषा हवी होती. मायकेलला फक्त हौसच आहे. चित्रपट मात्र हनुमंतुमुळे यादीत आहे, आणि पौराणिक धागा असूनही आहे. ते का, याचं उत्तर प्रश्न ११ मध्ये.